नाताळची भेट कमवायची नसते

मागी लोकांची गोष्ट सांगून संपत आली होती. पूर्वेकडून आलेल्या त्या ज्ञानी माणसांनी बाळापुढे गुडघे टेकले, सोने, ऊद आणि गंधरस अर्पण केले आणि स्वप्नात मिळालेल्या सूचनेप्रमाणे ते दुसऱ्या वाटेने आपल्या देशी परतले, इथपर्यंत मी संडे स्कूलमधल्या लहान मुलांना घेऊन आले होते. तेवढ्यात पाच वर्षांच्या एका मुलीने विचारले, "बाळ खूप शहाण्यासारखं वागलं, म्हणून त्याला सोनं दिलं का?" वर्गातले कोणीही हसले नाही, कारण बाकीच्या मुलांनाही तो प्रश्न रास्तच वाटला होता. सबंध डिसेंबर महिना त्यांच्या कानांवर एकच गोष्ट पडत होती: शहाण्यासारखे वागलात तर सांताक्लॉज भेट आणील, हट्ट केलात तर नाव यादीतून खोडले जाईल. भेट म्हणजे चांगल्या वागणुकीची मजुरी, हा हिशेब त्या मुलीला पक्का समजला होता आणि तोच तिने बेथलेहेमच्या बाळाला लावला. तिच्या तर्कात काहीही चूक नव्हती. चूक तिला तो हिशेब शिकवणाऱ्या आम्हा मोठ्यांची होती.

लहान मुलांना नाताळचा धार्मिक अर्थ घरी शिकवावा की नाही, आणि शिकवायचा तर कसा, या विषयावर आपल्या ख्रिस्ती कुटुंबांत बोलणे निघते तेव्हा तक्रार बहुधा बाजाराविषयी असते. झाड, दिवे, नवे कपडे आणि खरेदी यांच्या गर्दीत येशू हरवला, असे म्हटले जाते. ही तक्रार खरी आहे, पण ती पुरेशी खोल जात नाही. सजावट कमी केली आणि भेटवस्तू निम्म्यावर आणल्या, तरी त्या मुलीचा प्रश्न तिथेच राहील. माझ्या मते नाताळचा अर्थ घराघरांतून पुसला जातो तो प्रामुख्याने या मजुरीच्या हिशेबामुळे. कारण ख्रिस्तजन्माचा गाभा नेमका त्याच्या उलट आहे. आपण पात्र ठरलो म्हणून देव आपल्याकडे आला नाही. प्रेषित पौलाने रोमकरांस, म्हणजे रोममधल्या ख्रिस्ती लोकांना, लिहिले त्याप्रमाणे आपण पापी असतानाच त्याने आपल्यावरचे प्रेम दाखवले. मंडळी, म्हणजे चर्च, या गोष्टीला 'कृपा' म्हणते. ज्या घरात रात्रीच्या प्रार्थनेत कृपेबद्दल आभार मानले जातात आणि दिवसभर मुलाला यादीतून नाव खोडण्याची भीती घातली जाते, त्या घरात मूल दोन वेगवेगळे धर्म शिकत असते आणि त्यांतला दुसरा अधिक चांगला शिकते, कारण तो त्याच्या रोजच्या वागण्याला आणि मनातल्या इच्छेला बांधलेला असतो.

या शिकवणीची जागा घर हीच आहे, असे मी म्हणते तेव्हा मंडळीची किंवा संडे स्कूलची जबाबदारी झटकण्याचा माझा हेतू नाही. मी स्वतः अनेक वर्षे तो वर्ग घेतला आहे आणि त्याच अनुभवावरून सांगते, की आठवड्यातल्या एका तासात मुलाला गोष्ट सांगता येते, वचन पाठ करून घेता येते, नाटुकल्यात देवदूताचे पंख लावून त्याला उभेही करता येते; परंतु भेट म्हणजे काय, चूक झाल्यावर प्रेम कमी होते का, जे आपले कोणी नाहीत त्यांच्याशी आपण कसे वागायचे, हे त्या तासात शिकवता येत नाही. ते मूल घरीच पाहते. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात इस्राएलाला आज्ञा आहे, की ही वचने मुलांच्या मनावर ठसवावीत आणि घरी बसताना, मार्गाने चालताना, निजताना, उठताना त्यांविषयी बोलत जावे. त्या आज्ञेत कोणत्याही वर्गाचा किंवा इमारतीचा उल्लेख नाही. तिथे फक्त दिवसातल्या साध्या वेळा आहेत. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने 1529 मध्ये लहान प्रश्नोत्तरावली तयार केली, तीही कुटुंबप्रमुखाने घरातल्या माणसांना साधेपणाने शिकवावे यासाठी. आणि पुढे त्याने आपल्या मुलांसाठी नाताळचे एक गीत रचले, ज्याची सुरुवात आकाशातून उतरलेल्या देवदूताच्या तोंडी आहे. एवढा मोठा धर्मपंडित, पण मुलांना ख्रिस्तजन्म सांगायची वेळ आली तेव्हा त्याने प्रबंध लिहिला नाही, गाणे लिहिले.

मग घरी नेमके काय शिकवायचे? माझे पहिले उत्तर असे, की गोष्ट सांगावी, ती पूर्ण सांगावी आणि जशी शास्त्रात आहे तशी सांगावी. हे ऐकायला सोपे वाटते, पण बहुतेक घरांत जी गोष्ट सांगितली जाते ती भेटकार्डावरच्या चित्रावरून घेतलेली असते. त्यात एक दुष्ट उतारशाळावाला दार लावून घेतो, बर्फ पडत असतो, बैल आणि गाढव बाळाकडे पाहत असतात, आणि एकाच रात्री मेंढपाळ व तीन राजे शेजारी शेजारी उभे राहतात. लूकच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या, दुसऱ्या अध्यायात उतारशाळावाला नावाचे पात्रच नाही, गव्हाणीपाशी जनावरांचा उल्लेख नाही आणि बर्फाचाही नाही. मत्तय आपल्या शुभवर्तमानात मागी लोकांना राजे म्हणत नाही, त्यांची संख्या सांगत नाही. तीन दाने आहेत म्हणून परंपरेने माणसे तीन मानली. शिवाय ते लोक येतात ते गव्हाणीपाशी नव्हे, तर एका घरात. आपण ज्याला उतारशाळा म्हणतो त्यासाठी लूकने वापरलेला ग्रीक शब्द पाहुण्यांच्या खोलीलाही लागू पडतो. शेवटच्या भोजनाच्या माडीवरच्या खोलीसाठी तोच शब्द त्याने योजला आहे, आणि चांगल्या शोमरोनी माणसाच्या दाखल्यातल्या खऱ्याखुऱ्या धर्मशाळेसाठी मात्र निराळा. म्हणजे कदाचित नातलगांच्या भरलेल्या घरात पाहुण्यांची खोली मोकळी नव्हती, म्हणून बाळाला गव्हाणीत निजवले, एवढीच ती हकीकत असू शकेल.

हे सगळे पाच वर्षांच्या मुलाला सांगावे असे मी म्हणत नाही. पण आईवडिलांना ते माहीत असावे, कारण जे मूळ आहे आणि जे मागाहून जोडलेले आहे त्यांतला फरक त्यांना कळत असला, तर पुढे मूल मोठे होऊन प्रश्न विचारील तेव्हा त्यांना घाबरून जावे लागणार नाही. बारा वर्षांच्या मुलाला एखाद्या दिवशी कळते की 25 डिसेंबर ही तारीख बायबलात कुठेच नाही, आणि रोममध्ये त्या दिवशी ख्रिस्तजन्म पाळल्याची सर्वांत जुनी नोंद सन 336 ची आहे. आपल्याला फसवले गेले, असे त्याला त्या दिवशी वाटू नये. आर्मेनियन मंडळी आजही 6 जानेवारीला ख्रिस्तजन्म पाळते. सहा वर्षांच्या मुलालाही हे साध्या शब्दांत सांगता येते: येशूचा जन्म कोणत्या तारखेला झाला ते लिहून ठेवलेले नाही, पण तो झाला याचा आनंद करायला आपण सगळ्यांनी मिळून एक दिवस ठरवला आहे. मुलाला यात काहीही खटकत नाही. आपला 'नाताळ' हा शब्दसुद्धा पोर्तुगीज भाषेतून आला आहे आणि त्याचा मूळ अर्थ फक्त 'जन्माचा' एवढाच आहे. शब्दात तारीख नाही, जन्म आहे.

गोष्ट पूर्ण सांगण्याचा आग्रह मी आणखी एका कारणासाठी धरते. आपण गाळतो ते तपशील नेमके सर्वांत बोलके असतात. बाळ चाळीस दिवसांचे झाल्यावर मरिया आणि योसेफ त्याला यरुशलेमच्या मंदिरात नेतात, तेव्हा त्यांनी द्यावयाच्या अर्पणाविषयी लूक होल्यांचा जोडा किंवा पारव्याची दोन पिल्ले या नियमाचा उल्लेख करतो. लेवीय पुस्तकात हा नियम कोणासाठी आहे? जिला कोकरू अर्पण करण्याची ऐपत नाही, त्या बाळंतिणीसाठी. या एका ओळीत त्या घराची सारी परिस्थिती आली. मी हे मुलांना सांगते तेव्हा ती एकदम गप्प होतात, कारण ऐपत नसणे म्हणजे काय हे मुलांना आपल्याला वाटते त्यापेक्षा पुष्कळ जास्त कळते. मग त्याच मंदिरात म्हातारा शिमोन येतो, बाळाला हातांत घेतो. चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा हन्ना येते. ज्यांना लहान मुले आजीआजोबांसारखी ओळखू शकतील अशी ही दोन माणसे नाताळच्या गोष्टीत आहेत आणि बहुतेक मुलांना त्यांची नावेही ठाऊक नसतात.

आता अर्थाचा प्रश्न. शब्द देही झाला, म्हणजे देव मनुष्य झाला, ही योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातली घोषणा आहे. ती कशी समजून घ्यावी यावर मंडळीने शतकानुशतके वाद घातला; 325 मध्ये निकिया येथे आणि 451 मध्ये खाल्किदोन येथे धर्मपरिषदा भरल्या आणि येशू खरा देव व खरा मनुष्य आहे, हे नेमक्या शब्दांत मांडले गेले. हे चार वर्षांच्या मुलाला कसे सांगायचे? सुरुवातीच्या काळात मी 'तारण', 'प्रायश्चित्त', 'देहधारण' हे शब्द मुलांना समजावून सांगण्याचा प्रयत्न केला आणि त्यांच्या चेहऱ्यांवरूनच मला कळले की मी त्यांच्या डोक्यावरून बोलते आहे. आज मी ते शब्द वापरत नाही. मी एवढेच म्हणते, की देव इतका मोठा, की त्याने तारे केले. आणि तोच इतका लहान झाला, की आईने त्याला बाळंत्यात गुंडाळले आणि त्याला भूक लागली की तो रडला. मुलांना लहान असणे म्हणजे काय ते आपल्याहून चांगले माहीत असते. हात पोहोचत नाही, कोणी उचलून घेतल्याशिवाय दिसत नाही, अंधाराची भीती वाटते. देवाला हे सगळे आतून ठाऊक आहे, हा विचार त्यांना लगेच पटतो आणि त्यांना जवळचा वाटतो. मत्तयाने दिलेले इम्मानुएल हे नाव, म्हणजे 'आम्हांबरोबर देव', मुलांना समजावून सांगावे लागत नाही. 'बरोबर' या शब्दाचे मोल अंधाऱ्या खोलीत एकटे निजणाऱ्या मुलाइतके कोणालाच ठाऊक नसते.

डोळ्यांनी पाहणे आणि हाताने करणे यांचे महत्त्व जुन्या लोकांनी बरोबर ओळखले होते. 1223 मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो या गावी असिसीच्या फ्रान्सिसने नाताळच्या रात्री गव्हाणी मांडली, गवत पसरले, बैल आणि गाढव आणून उभे केले. त्याचे चरित्र लिहिणाऱ्या थॉमस ऑफ सेलानोने सांगितल्याप्रमाणे, त्या बाळाने तान्हेपणी किती गैरसोय सोसली हे फ्रान्सिसला आपल्या डोळ्यांनी पाहायचे होते. नाताळ शोभिवंत करणे हा त्याचा हेतू नव्हता. गव्हाणीचा कठीणपणा लोकांना जाणवावा हा होता. आज आपल्या घरांतल्या गव्हाणी पुष्कळदा इतक्या चकचकीत असतात, की त्यातला तो कठीणपणा नाहीसा होतो. मुलाला ती स्वतः करू द्यावी. खोके, गवत, मातीची किंवा कागदाची माणसे, जे हाताला मिळेल त्यातून करावी. बाळ 24 तारखेच्या रात्रीपर्यंत त्यात ठेवू नये. मागी लोकांना खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून रोज थोडे थोडे पुढे सरकवावे आणि 6 जानेवारीला पोहोचवावे. वाट पाहणे म्हणजे काय, हे मुलाला शब्दांनी शिकवता येत नाही. रिकाम्या गव्हाणीकडे रोज पाहून ते शिकता येते.

वाट पाहण्याविषयी एक जुनी हकीकत मला फार प्रिय आहे. योहान हिन्रिख विखर्न हा जर्मन धर्मसेवक हॅम्बुर्गजवळ निराधार मुलांसाठी एक संस्था चालवत असे. आगमनकाळ, म्हणजे नाताळआधीचे चार आठवडे, सुरू झाला की ती मुले त्याला रोज विचारीत, नाताळला अजून किती दिवस? 1839 मध्ये त्याने गाडीचे एक जुने चाक घेतले, त्यावर रोजच्या दिवसांसाठी लहान लाल मेणबत्त्या आणि चार रविवारांसाठी मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या आणि रोज एक पेटवायला सुरुवात केली. आज चर्चमध्ये आणि घरांत दिसणारे आगमन चक्र त्या चाकापासून आले. ज्या मुलांचे स्वतःचे असे फारसे कोणी नव्हते, त्यांच्या एका प्रश्नाचे हे उत्तर होते. आणि उत्तर देणाऱ्याने 'थांबा, कळेल' असे म्हणून मुलांना गप्प बसवले नाही, तर प्रश्न मोजता येईल, पाहता येईल अशी वस्तू त्यांच्यापुढे ठेवली.

सांताक्लॉजचे काय करायचे, हा या विषयातला सर्वांत अवघड भाग आहे, आणि त्यावर मी पुष्कळ आईवडिलांचा राग ओढवून घेतला आहे. काही कुटुंबे त्याला घरात येऊच देत नाहीत. ख्रिस्ती इतिहासात यापुढची पायरीही गाठली गेली आहे: 1647 मध्ये इंग्लंडच्या प्युरिटन, म्हणजे कडक प्रोटेस्टंट मताच्या, संसदेने नाताळचा सणच रद्द केला, आणि 1659 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत तो पाळणाऱ्याला दंड ठेवला गेला, जो 1681 पर्यंत कायम होता. सणात शास्त्राबाहेरचे बरेच शिरले आहे, हे त्यांचे म्हणणे निराधार नव्हते, पण बंदीने लोकांच्या मनात ख्रिस्तजन्माचा अर्थ अधिक खोल रुजला असे काही झाले नाही. घरातल्या बंदीचेही तसेच होते. मुलाला एवढेच कळते की आपल्या घरात एक आनंद मना आहे.

माझा मार्ग वेगळा आहे. सांताक्लॉजच्या मागे जो माणूस आहे त्याची ओळख मुलांना करून द्यावी. निकोलस हा चौथ्या शतकातला, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा या नगराचा बिशप. परंपरेत त्याची एक कथा सांगतात, की एका गरीब बापाला तीन मुली होत्या आणि त्यांच्या लग्नासाठी त्याच्याजवळ काहीच नव्हते; निकोलसने रात्री गुपचूप येऊन सोन्याच्या थैल्या घरात टाकल्या आणि आपले नाव कळू दिले नाही. ही कथा अक्षरशः घडली की नाही यापेक्षा ती काय सांगते ते महत्त्वाचे आहे. निकोलसने त्या मुली शहाण्या आहेत का, याची यादी केली नव्हती. त्याने गरज पाहिली आणि दिले. हाच निकोलस डच लोकांच्या तोंडी 'सिंटरक्लास' झाला आणि पुढे 19 व्या शतकातल्या अमेरिकेत त्याला आजचे गुबगुबीत रूप मिळाले. वाटेत कुठेतरी त्याच्या हाती चांगल्या आणि वाईट मुलांची यादी देण्यात आली आणि गुपचूप देणारा माणूस पहारेकरी झाला. मुलांना मूळचा निकोलस द्यावा. 6 डिसेंबरला त्याचा दिवस असतो, त्या दिवशी कोणाला तरी नाव न सांगता काही तरी द्यायला शिकवावे. मग लाल कपड्यांतला म्हातारा खेळ म्हणून घरात आला तरी बिघडत नाही, फक्त त्याला खेळच म्हणावे. मूल गंभीरपणे, डोळ्यांत डोळे घालून, "सांता खरा आहे का?" असे विचारील तेव्हा खोटे बोलू नये. ज्या तोंडाने आपण त्याला येशूविषयी सांगतो त्याच तोंडाने आपण हेही सांगत असतो, आणि दोन्हींची किंमत मुलाच्या लेखी एकच असते.

आणि यादीची धमकी पूर्णपणे बंद करावी. इथे मी तडजोड करायला तयार नाही. मला सांगितले जाते की शिस्तीसाठी ती उपयोगी पडते, आणि पडत असेलही. मुलांना शिस्त हवी, चुकीच्या वागण्याचे परिणामही त्यांना भोगावे लागतात. पण ते परिणाम त्या चुकीशी जोडलेले असावेत, ख्रिस्तजन्माच्या सणाशी नव्हेत. ज्या दिवशी मुलाने भावंडाला मारले असेल, खोटे बोलले असेल, आणि त्याला स्वतःलाच आपण फार वाईट आहोत असे वाटत असेल, त्या दिवशीसुद्धा त्याची नाताळची भेट तशीच ठेवलेली आहे हे त्याला दिसले, तर एका प्रवचनात सांगता येणार नाही एवढे सुवार्तेतले त्याला समजेल. योहान आपल्या पहिल्या पत्रात म्हणतो, की आपण प्रीती करतो ती देवाने आधी आपल्यावर केली म्हणून. या 'आधी' मध्ये सर्व काही आहे. चांगले वागणे भेटीच्या नंतर येते, तिच्या बदल्यात नाही.

इथे एक गंभीर आक्षेप विचारात घ्यायला हवा, कारण तो प्रामाणिक लोकांकडून येतो. इतक्या लहान वयात, ज्या वयात मुलाला तपासून पाहता येत नाही, त्या वयात त्याच्यावर धर्मश्रद्धा लादणे योग्य आहे का? मोठे होऊन त्याने स्वतः निवडावे, हे अधिक न्याय्य नाही का? हा विचार नवा नाही. तत्त्वज्ञ रूसोने 1762 मध्ये 'एमिल' या ग्रंथात आपल्या कल्पित विद्यार्थ्याला बालपणी धर्म अजिबात शिकवू नये असे मांडले. पंधराव्या वर्षीही त्याला आपल्याला आत्मा आहे हे माहीत नसावे, इथपर्यंत तो गेला. मला या भूमिकेतला मुलाविषयीचा आदर मान्य आहे. न समजलेल्या गोष्टी मुलाच्या तोंडून वदवून घेणे वाईटच, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले आहे. पण काहीच न शिकवलेले घर ही गोष्ट अस्तित्वात नसते. जे आईवडील ख्रिस्तजन्माचा अर्थ सांगत नाहीत त्यांचे मूल डिसेंबरमध्ये अर्थाविना राहत नाही. ते जाहिरातींचा अर्थ शिकते, मजुरीच्या हिशेबाचा अर्थ शिकते, आणि त्या शिकवणीला कोणी लादणे म्हणत नाही, एवढाच फरक. भाषा आपण मुलाला विचारून शिकवत नाही. तिच्यात वाढल्यावरच त्याला ती नाकारण्याची किंवा दुसरी स्वीकारण्याची क्षमता येते. श्रद्धेचेही तसेच आहे. ज्याने ती कधी आतून पाहिलीच नाही, त्याची पुढची निवड ही निवड नसून अनोळखीपणा असतो.

या प्रश्नावर आंतरराष्ट्रीय करारांनी घेतलेली भूमिका मला समतोल वाटते. 1966 च्या नागरी व राजकीय हक्कांच्या करारातले अठरावे कलम आपल्या श्रद्धेनुसार मुलांना धार्मिक व नैतिक शिक्षण देण्याचे आईवडिलांचे स्वातंत्र्य मान्य करते. 1989 च्या बालहक्क संहितेतले चौदावे कलम विचार, विवेक आणि धर्म यांचे स्वातंत्र्य खुद्द मुलाचे आहे असे सांगते आणि त्याच वेळी मुलाच्या वाढत्या समजुतीला अनुसरून त्याला मार्गदर्शन करण्याचा आईवडिलांचा हक्क व कर्तव्यही मान्य करते. 'वाढत्या समजुतीला अनुसरून' हे शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. चार वर्षांच्या मुलाला गोष्ट आणि गाणे द्यावे, आठ वर्षांच्या मुलाला प्रश्न विचारू द्यावेत, तेराव्या वर्षी त्याला नकार द्यायची मोकळीक असावी. जी शिकवण या क्रमाने चालते ती लादलेली नसते.

हेरोद राजाची गोष्ट केव्हा सांगावी, हेही या क्रमानेच ठरवावे. बेथलेहेममधली दोन वर्षांची व त्याखालची मुलगे मारून टाकण्याची त्याची आज्ञा चार वर्षांच्या मुलाला सांगण्यासारखी नाही. परंतु ती कायमची वगळणे हाही अन्याय आहे. लहान मुलाला एवढे सांगावे, की एका राजाला त्या बाळाचा राग आला, म्हणून योसेफ रात्रीच मरियेला आणि बाळाला घेऊन मिसर देशात निघून गेला, आणि परक्या देशात त्यांना राहायला जागा मिळाली. आठ-नऊ वर्षांचे झाल्यावर उरलेले सांगावे. देवाचा पुत्र जगात आला तेव्हा जग काही सुरक्षित झाले नाही, हे मुलाला कधीतरी कळायलाच हवे. नाहीतर पहिल्या दुःखाच्या वेळी त्याला वाटेल की नाताळची गोष्ट फक्त सुखी घरांसाठी होती. मेंढपाळांना देवदूताने पहिला शब्द सांगितला तो 'भिऊ नका' हा. ज्यांना भिण्यासारखे काही नाही त्यांना असे कोणी सांगत नाही.

ज्या घरात ख्रिस्ती श्रद्धा नाही, पण मुलांसाठी झाड आणि दिवे आहेत, त्यांच्यासाठी मी हा लेख लिहिलेला नाही. त्यांनीही ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी, ज्यांचा हा सण आहे त्यांचा विश्वास काय आहे एवढे कळण्यापुरती. मी बोलते आहे ती स्वतःला ख्रिस्ती म्हणवणाऱ्या आईवडिलांशी, आणि त्यांना माझा सर्वांत अवघड प्रश्न वेगळाच आहे. सहा-सात वर्षांचे मूल एके दिवशी गव्हाणीपाशी बसून विचारते, "हे खरंच झालं होतं का?" त्या क्षणी धर्मशास्त्राची माहिती फारशी उपयोगी पडत नाही. मूल खरे तर घटनेविषयी कमी आणि आपल्याविषयी अधिक विचारत असते: आई, बाबा, तुम्ही हे मानता का? पुष्कळ आईवडील इथे 'असं लिहिलंय बायबलमध्ये' म्हणून निसटून जातात, कारण त्यांनी स्वतःला हा प्रश्न कित्येक वर्षांत विचारलेला नसतो. निसटू नये. मानत असाल तर मानतो म्हणावे आणि का मानतो ते आपल्या आयुष्यातल्या एखाद्या प्रसंगाने सांगावे. मनात शंका असेल तर तीही सांगावी. मूल शंकेला घाबरत नाही, टाळाटाळीला घाबरते. मेंढपाळ येऊन सगळे सांगून गेले तेव्हा मरियेलासुद्धा सर्व काही उलगडले असे लूक म्हणत नाही. तो म्हणतो, की तिने त्या गोष्टी आपल्या अंतःकरणात ठेवल्या आणि त्यांचे मनन केले.

त्या मुलीला मी त्या दिवशी काय उत्तर दिले, ते सांगायचे राहिले. मी तिला म्हटले, "नाही गं, बाळाने अजून काहीच केलेलं नव्हतं. ते नुसतं आलं होतं." तिने थोडा वेळ विचार केला आणि विचारले, "मग मी काहीच केलं नाही तरी?" मी हो म्हटले. घरी गेल्यावर तिने हे आईला विचारले असेल, आणि त्या प्रश्नाचे खरे उत्तर मी दिलेले नसून त्या घराने डिसेंबरच्या उरलेल्या दिवसांत दिले असेल.